देवाच्या घरावरून पडलेला माणूस

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या बुधवारच्या प्रार्थनासभेला दोन भाग असत. पहिला भाग म्हणजे इसरूभाऊचा पाय. दुसरा भाग, वेळ उरलाच तर, बाकीचं जग.

मी पाळकाची बायको. मंडळीच्या भाषेत पाळकीणबाई. चहा करायचा, बायकांच्या बाजूला चटया अंथरायच्या आणि तोंड मिटून बसायचं, ही माझी कामं. पहिली दोन मी बरी करते. माहेर माझं नागभीडचं, रेल्वेच्या आवाजात वाढले, त्यामुळे तोंड मिटून बसण्याची सवय लहानपणी लागलीच नाही. जे सभेत बोलता आलं नाही ते इथे सांगते.

गाव आमचं पोंभुर्ण्याहून आत, जंगलाला चिकटून. पावसाळ्यात धान, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता, आणि वाघ काल कुठे दिसला ही बाराही महिने पुरणारी चर्चा. त्यात प्रभूला मानणारी घरं मूठभर. बाकीचं गाव आपापल्या देवांना धरून आहे आणि कुणाचं कुणाशी काही अडत नाही. प्रार्थनाघर म्हणजे चार मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, आत एक ढोलक आणि हात टेकायची सोय असलेली एक प्लास्टिकची खुर्ची. ती खुर्ची खरं तर पाहुण्या पाळकांसाठी आणली होती. तीन वर्षं तिच्यावर इसरूभाऊ बसला.

झालं असं की तीन वर्षांपूर्वी, पाऊस यायच्या आधी, प्रार्थनाघराचे कवेलू फेरायचे होते. वानरं वर नाचतात, कवेलू फुटतात, दरवर्षी ते काढून नीट बसवावे लागतात. इसरूभाऊ वर चढला, एक बांबू सडका निघाला आणि भाऊ सरळ खाली आला. पायाचं हाड मोडलं. चंद्रपूरला नेलं, प्लास्टर झालं, यथावकाश निघालं. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता चाला, जितकं चालाल तितका पाय मोकळा होईल. हे वाक्य इसरूभाऊनं घरी येताना वाटेतच कुठेतरी सांडलं.

आता माणसं पडतात. झाडावरून पडतात, बैलगाडीतून पडतात, दारू पिऊन बांधावरून पडतात. पण इसरूभाऊ कुठून पडला होता? "मी देवाच्या घरावरून पडलो," तो म्हणायचा. त्याला 'ऊठ आणि काम कर' म्हणणं म्हणजे देवाचंच देणं बुडवल्यासारखं वाटायचं.

एक आधीच सांगते, तो खोटं बोलत नव्हता. पाय दुखायचा. थंडीत जास्तच दुखायचा. पण दुखणाऱ्या पायानं अर्धं गाव शेतात जातं. इसरूभाऊचा पाय दुखला की तो दुखण्यालाच कामाला लावायचा आणि स्वतः खाटेवर पडून त्याच्यावर देखरेख करायचा.

कुणी "पाय कसा आहे, भाऊ?" म्हणालं की तो आधी डोळे मिटायचा. मग लांब श्वास. मग सुरू. दुखणं टाचेतून निघायचं, पोटरीत मुक्काम करायचं, गुडघ्यात जेवायचं, मांडीत जाऊन झोपायचं आणि मध्येच उठून परत टाचेत यायचं. चंद्रपूरची एसटीसुद्धा इतक्या ठिकाणी थांबत नाही. आणि हे सगळं मंडळी माना हलवत ऐकायची. "आमेन" कुठे म्हणायचं हे कळत नसल्यामुळे लालसू प्रत्येक थांब्यावर म्हणायचा.

लालसू म्हणजे आमच्या मंडळीतला सगळ्यात आडव्या अंगाचा आणि सगळ्यात सरळ मनाचा माणूस. त्याची गाभण गाय वाघानं नेली तेव्हा बिचारा सभेत उभा राहिला. तो "माही गाय" इतकं म्हणाला असेल नसेल, खुर्चीतून आवाज आला.

"तुह्या गाईचं एका झटक्यात झालं, लालसू. माह्यं रोज थोडं थोडं होऊन राह्यलं."

लालसू खाली बसला. गाईसाठी प्रार्थना राहिली ती राहिलीच. पुढच्या बुधवारी रुखमाबाई उठली. विधवा बाई, एकुलता एक मुलगा मंडळीतल्याच बिरजूच्या ओळखीनं सूरजागडच्या खाणीकडे ट्रकवर गेला होता आणि महिना झाला त्याचा फोन नव्हता. इसरूभाऊनं तिलाही धीर दिला.

"पोरगा गेला तं येईन वापस, बाई. पाय कुठून येते?"

त्यावर रुखमाबाईनं डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी इसरूच्याच घरी दोन अंडी नेऊन दिली. मंडळीत दुःखाची जणू शर्यत होती आणि पहिला नंबर ठरलेला होता.

या सगळ्यात बुधरी कुठे होती? ती त्याची बायको. ती धानात होती, जंगलात होती, चुलीपुढे होती. बुधवारी ती त्याला हाताला धरून आणायची, खुर्चीत बसवायची, काठी भिंतीला टेकवायची आणि येऊन माझ्या शेजारच्या चटईवर बसायची. "कशी आहेस गं?" विचारलं की "बरी आहो जी." बस. तीन वर्षांत मी तिच्याकडून याहून मोठं वाक्य ऐकलं नव्हतं.

यंदा धान निघालं आणि आमच्या भागातल्या बाया दरवर्षीसारख्या मिरची तोडायला तेलंगणात निघाल्या. मुकादमाची गाडी येते, बाया गाठोडी घेऊन बसतात, दोन-तीन महिने तिकडे राहतात आणि उन्हाळा भरात आला की वर्षाची मिरची घेऊन परततात. या वेळी बुधरीनं पण नाव दिलं. घरात कमावणारी ती एकटी, दुसरं काय करणार? गाडी सोमवारी सकाळी येणार होती.

मला हे कळलं ते रीनामुळे. रीना त्यांची मुलगी, दहावीला. संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची. त्या शुक्रवारी ती सगळी पुस्तकं पिशवीत घालून आली.

"बाई, हे तुमच्याच इथी ठेवा. घरी उंदरं खातीन."

"अन् अभ्यास? परीक्षा तोंडावर आली ना."

"पुढच्या साली देईन. आई चालली मिरचीले. बाबाले कोण पाहन?"

"बाबा माह्याकडे जेवतील. दोन्ही टाईम."

"बाबा दुसऱ्याच्या घरी नाई जेवत. परक्या घरी त्यायले जास्त दुखते."

हे तिनं अगदी सहज सांगितलं. रडली असती तर समजूत घातली असती. न रडणाऱ्या मुलीची समजूत कशी घालायची? आणि आमच्याकडे 'पुढच्या साली' म्हणालेली मुलगी पुढच्या साली कुठे असते हे मला माहीत आहे. कुणाच्या तरी मांडवात असते.

मी पदर खोचला आणि इसरूभाऊच्या घरी गेले. तो खाटेवर. मी म्हटलं, "भाऊ, रीनाची परीक्षा बुडते. तुमी घरातलं घरात तरी उठा. भात टाका, पाणी घ्या. पोरीले अभ्यासाले सोडा."

इसरूभाऊनं डोळे मिटले, लांब श्वास घेतला, आणि त्याच्या गालावरून खरोखरचं पाणी आलं.

"तेच तं सांगून राह्यलो, बाई. माह्या पोरीची परीक्षा चालली. कोण्या बापावर अशी पाळी येते? पायाचं दुःख एक डाव सहन होते, पन हे? देवानं माह्यावर अजून काय काय टाकाचं ठेवलं, सांगा."

पोरीची परीक्षासुद्धा त्यानं आपल्याच दुखण्यात जमा करून टाकली होती. मी आले होते त्याला उठवायला आणि निघताना माझ्याच तोंडून "देव सोबत आहे, भाऊ" असं निघालं. स्वतःचाच इतका राग आला की वाटेत पायाला लागलेल्या दगडाला मी चार शब्द सुनावले.

घरी येऊन सगळा राग आमच्या ह्यांच्यावर काढला. आमचे हे म्हणजे पाळक श्रावण. मुंगीला बाजूला सरकवून मग चालणारा माणूस.

"तुमी त्याले काऊन नाई सांगत? तीन साल झाले. पाय सांभाळून सांभाळून त्याचा देव्हारा झाला आता."

"सांगू कसा? आपल्याच कवेलूवरून पडला तो."

"तं परवाच्या रविवारी वचनातून सांगा. त्या तळ्याकाठच्या माणसाचं सांगा. त्याले समजन."

हे विचारात पडले. मग म्हणाले, "समजन." मला वाटलं, आता काम फत्ते. माझा हा विश्वास किती भाबडा होता ते रविवारी कळलं.

रविवारी आमच्या ह्यांनी मनापासून सांगितलं. एक तळं होतं. पाणी हललं की पहिला जो उतरेल तो बरा व्हायचा, म्हणून काठावर आजारी माणसांची गर्दी. त्यात एक जण कित्येक वर्षं पडून होता. प्रभू त्याच्याजवळ गेला आणि विचारलं, तुला बरं व्हायचं आहे का? "आता पाहा," हे म्हणाले, "त्या मानसानं हो नाई म्हटलं अन् नाईबी नाई म्हटलं. त्यानं गाऱ्हानं सांगितलं. म्हने, मले पाण्यात सोडनारं कोणी नाई, माह्या आधी दुसरेच उतरतेत. प्रश्न एक अन् उत्तर भलतंच." इतकं बोलून ते थांबले आणि खुर्चीकडे पाहिलं. मीही पाहिलं. अख्ख्या मंडळीनं पाहिलं.

इसरूभाऊ हुंदके देत होता.

"तो मीच आहो," तो म्हणाला. "मीच तो. माह्यंच सांगितलं तुमी, पाळकसाहेब. मले पाण्यात सोडनारं कोणी नाई."

मी कपाळावर हात मारला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आमचे हे 'तसं नाही, भाऊ' म्हणायला तोंड उघडत होते, तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं लालसू उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते.

"असं काऊन म्हनतो, भाऊ? आमी आहो ना."

आणि त्यानं खुर्चीचा एक हात धरला. बिरजूनं दुसरा धरला. आमच्या प्रार्थनाघराच्या मागे मामा तलाव आहे, मालगुजारांच्या काळातला, बैल धुवायला आणि बाप्तिस्म्याला गाव तोच वापरतं. खुर्ची उचलली गेली, दारातून तिरपी होऊन बाहेर पडली आणि तलावाच्या वाटेला लागली.

"अरे, काय करून राह्यले?" इसरूभाऊ खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणाला. "मी वचनातलं बोलून राह्यलो."

"आमीबी वचनातलंच करून राह्यलो," लालसू म्हणाला.

मागून ढोलकवाला निघाला, कारण गर्दी निघाली की तो निघतो. त्याच्यामागे मंडळी. वाटेत गावातले रिकामे लोकही सामील झाले. कुणीतरी विचारलं, "याचा बाप्तिस्मा झाला नव्हता का आधी?" दुसरा म्हणाला, "झाला असन, पन लागला नसन." फेब्रुवारीचं ऊन चढायचं होतं. पाणी गार होतं. इसरूभाऊ लालसूला, बिरजूला आणि मग थेट देवाला हाका मारत होता आणि त्या हाकांना लोक भक्ती समजत होते.

लालसूनं खुर्ची कमरेइतक्या पाण्यात नेऊन हलकेच ठेवली. पण प्लास्टिकची खुर्ची पाण्यात ठेवली तर राहते का? ती कलंडली. इसरूभाऊ सरकला, बुडाला, "मेलो" म्हणाला आणि उभा राहिला. दोन्ही पायांवर. काठी तिकडे प्रार्थनाघराच्या भिंतीला, खुर्ची तरंगत कमळांकडे चाललेली आणि इसरूभाऊ कमरेइतक्या पाण्यात सरळ उभा.

काठावर एकच गलका उठला. हालेलुया झालं, ढोलक झाला, रुखमाबाई नाचू लागली. लालसू तर पाण्यातच गुडघे टेकायला गेला आणि नाकातोंडात पाणी जाऊन खोकत बसला.

"चमत्कार गिमत्कार काई नाई," इसरूभाऊ ओरडत होता. "दुखून राह्यलं. अजून दुखून राह्यलं." पण ज्याच्यावर चमत्कार झाला त्याचंच कुणी ऐकत नव्हतं, एवढा तिथे आनंद होता.

तेव्हा बुधरी हसली. काठावर रीनाच्या खांद्यावर हात ठेवून, तोंडाला पदर न लावता. तीन वर्षांत मी तिचे दात पाहिले नव्हते. इसरूभाऊनं ते हसणं पाहिलं आणि दुखतं म्हणायचं तो विसरला. गलका काठावर, तो पाण्यात. बाहेर येईना आणि आतही जाईना. थंडीनं त्याचे दात वाजत होते.

मी खुर्ची आणायला लुगडं सावरत पाण्यात शिरले होते. मंडळीची वस्तू आहे, वाहून गेली तर परत आणायची कुणी? म्हणून पुढचं मला ऐकू आलं. आमचे हे पाण्यात उतरले. चांगली पँट एकच आहे त्यांची, ती दुमडायचीही शुद्ध राहिली नाही. ते इसरूभाऊच्या समोर जाऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले,

"भाऊ, एक पुसू का? बरं व्हाचं आहे का?"

"हे काय पुसनं झालं, पाळकसाहेब? कोणाले नाई व्हाचं?"

"मी कोणाचं नाई पुसलं. तुमचं पुसलं."

इसरूभाऊनं डोळे मिटले. लांब श्वास घेतला. मला वाटलं, निघाली आता टाचेपासून गाडी. पण गाडी टाचेतून हललीच नाही. तो म्हणाला,

"भेव वाटते."

"कायचं?"

"बरा झालो तं मले कोण पुसन?" त्याचा आवाज वेगळा होता, खुर्चीतला नव्हता. "पडाच्या आधी मले कोणी पुसत नव्हतं जी. इसरू आला काय अन् गेला काय. लाकडं फोडाची असली की बलावत. पडलो तवा अख्खी मंडळी माह्या खाटेजवळ येऊन बसली. तुमी माहा हात धरून रडले. माहा बापबी कदी माहा हात धरून रडला नाई. मले वाटलं, आता मी कोणीतरी आहो. पाय बरा झाला तं ते सारं चाललं जाईन."

मी खुर्ची धरून उभी होते. इतकी वर्षं ज्याचा राग केला त्याचं हे ऐकून मला वाईट वाटलं. राग तरीही गेला नव्हता, हेही खरं. दोन्ही एकदम होतं.

मला वाटलं, आमचे हे आता एखादं वचन सांगतील. त्यांनी आधी हात जोडले.

"माही चूक झाली, भाऊ. मी तीन साल तुमच्या पायासाठी प्रार्थना केली. तुमच्यासाठी नाई केली." मग म्हणाले, "त्या तळ्यावर किती जन पडले होते, पन प्रभू गेला कोणाजवळ? ज्याले कोणी पुसत नव्हतं त्याच्याजवळ. पाय मंग बरा केला. आधी पुसलं. तो तुमालेच पुसून राह्यला, भाऊ. पायाले नाई. अन् तो असा पुसनारा नाई की तुमी उठले की चालला जाईन. आमी जाऊ, आमचा भरोसा नाई. तो नाई जात."

इसरूभाऊनं ओल्या हातांनी तोंड झाकलं. काठावर ढोलक चालूच होता. त्यात त्यानं केलेली प्रार्थना मी ऐकली, कारण मी अगदी जवळ होते. आजवरची त्याची सगळ्यात छोटी प्रार्थना.

"प्रभू, मले उठव. दुखन तं दुखू दे."

आणि तो चालायला लागला. कुणाचा हात न धरता, चिखलातून पाय ओढत, लंगडत. हो, लंगडतच. काठावरचा जोर जरा ओसरला.

"अजून लंगडते," रुखमाबाई म्हणाली. "पुरा नाई झाला वाटते."

"अर्धा झाला," बिरजू म्हणाला. यावर मंडळीत संध्याकाळपर्यंत वाद चालला. अर्ध्या चमत्काराची साक्ष देता येते की नाही, पुढच्या रविवारी परत एकदा बुडवून पाहावं का, आणि बुडवायचं तर खुर्चीसकट की खुर्चीशिवाय. इसरूभाऊ त्या चर्चेला नव्हता. तो ओल्या कपड्यांनी घरी गेला आणि खाट उचलून त्यानं बाहेर उन्हात उभी केली, एवढं रीनानं मला सांगितलं.

त्या रात्री मी काही फार आशा धरली नाही. माणूस पाण्यात एक बोलतो आणि कोरडा झाला की दुसरं. बुधरीची गाडी सकाळी होतीच. रीनाची पुस्तकं माझ्या फळीवर होतीच.

सोमवारी मी बुधरीला निरोप द्यायला फाट्यावर गेले. गाडीत बाया दाटीवाटीनं बसलेल्या. बुधरी डोक्यावर गाठोडं घेऊन मागच्या फळीशी उभी होती. तेवढ्यात काठी टेकत इसरूभाऊ आला. घामाघूम झाला होता. घर ते फाटा तो तीन वर्षांत पहिल्यांदा चालला होता. त्यानं कुणाशी काही न बोलता बुधरीच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवलं आणि गाडीत टाकलं.

मुकादम म्हणाला, "बसवून देता का बाईले?"

"बुधरी नाई येत. तिच्या जागी मी येतो."

"भाऊ, तुमी? पाय चालन का?"

"मिरची हातानं तोडतेत ना? बसून बसून तोडन. हात मोडले नाई माहे."

गाडीतल्या बाया खिदळल्या. एक म्हणाली, "भाऊ, आमच्यात एकटेच मानूस राहान." तो म्हणाला, "तं सयपाकाले लावा मले. शिकून घेईन." फळी उंच होती. त्यानं चढताना ओठ दाबले, चेहरा पांढरा पडला, पण चढला. बुधरी खाली उभी. ती फक्त इतकं म्हणाली, "अवो रीनाचे बाबा, त्या गाठोड्यात माहे लुगडे आहेत." पण गाडी निघाली होती. इसरूभाऊ दोन लुगडी, एक चोळी आणि फणी घेऊन तेलंगणात गेला.

संध्याकाळी रीना आली. फळीवरची पिशवी काढली, खाली बसली आणि इंग्रजीचं पुस्तक उघडलं. मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले आणि जरा वेळ आतच राहिले.

बुधवारी सभा भरली. खुर्ची रिकामी होती. तिच्यात बसायला कुणी तयार होईना, कारण बसलं की आपल्याला काहीतरी झालंय असं वाटायचं. लालसूनं पहिल्यांदा शेवटपर्यंत उभं राहून गाईबद्दल सांगितलं. रुखमाबाईनं मुलाबद्दल सांगितलं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. इतक्यात आमच्या ह्यांचा फोन वाजला. मुकादमाच्या फोनवरून इसरूभाऊ होता, प्रार्थनेची विनंती सांगायची म्हणाला. ह्यांनी आवाज मोठा करून फोन मधोमध ठेवला. मंडळी सरसावून बसली. काही जणांनी सवयीनं उसासे काढून ठेवले.

"बोला भाऊ, पाय कसा आहे?"

"आहे जी. पायाचं नाई. बुधरीसाठी प्रार्थना करा." फोनमध्ये वारा घोंगावत होता, मागे बायांचे आवाज. "तिची कंबर दुखते. धानाच्या रोवन्यापासून दुखते, तीन साल झाले. कूस बदलाले गेली की तोंडात पदर कोंबते, मले आवाज येऊ नये म्हून. मी जागाच राहो. मले मालूम होतं."

सगळ्यांच्या माना बुधरीकडे वळल्या.

"मी तुमाले सांगितलं नाई," इसरूभाऊ म्हणाला. "सांगितलं असतं तं तुमी प्रार्थना तिच्यासाठी केली असती."

फोन कापला गेला. मी बुधवारच्या बुधवार बुधरीच्या शेजारच्या चटईवर बसत होते. मला ठाऊक नव्हतं. मी कधी दुसऱ्यांदा विचारलंच नव्हतं.

आमचे हे उठून बायकांच्या बाजूला आले आणि बुधरीसमोर खाली बसले. "बुधरीबाई," ते म्हणाले, "दुखते का?"

तिनं ओठ उघडले. सगळ्यांना माहीत होतं ती काय म्हणणार ते. तेच ती म्हणायला गेली, पण शब्द अर्ध्यावर थांबला आणि तिचा चेहरा वाकडा झाला.

"बहुत दुखते जी," ती म्हणाली.